कम्पुटरभाऊ आणि शिळा पडदा

माझ्या कामावर माझ्यापेक्षाही जास्त विश्वास ठेवणारा एकच माणूस मला आयुष्यात भेटला, आणि त्यालाच मी चारचौघांत खोटं पाडलं.

मूल गावच्या एका राइस मिलमध्ये हे भाऊ धान उतरवून घ्यायचे. आसपासच्या गावांतले लोक घरी खायचा धान भरडायला आणतात, आणि आपल्याच धानाचा तांदूळ परत मिळाला पाहिजे असा त्यांचा हट्ट असतो. कोणाच्या पोत्यांची थप्पी कुठे लागली हे सांभाळायला मालकांनी माझ्याकडून एक प्रोग्राम करून घेतला आणि या भाऊंना त्यावर बसवलं. तेव्हापासून त्यांचं खरं नाव मागे पडलं आणि सगळे त्यांना कम्पुटरभाऊ म्हणू लागले. खुर्चीत बसण्याआधी ते चपला काढत. कोणी वाद घालू लागलं की मॉनिटर त्याच्याकडे वळवत आणि म्हणत, "मी नाई बोलून राह्यलो, हा बोलून राह्यला. याच्याशी भांड."

मी गेलो की ते रांगेतल्या लोकांना माझी ओळख करून देत, "हे साहेब. यायनंच बनवला." ऐकणाऱ्याला वाटावं, मी प्रोग्राम नव्हे, धानच बनवला. मला ते आवडायचं, हेही कबूल करतो.

त्यांची श्रद्धा डोळ्यांनाही जुमानत नसे. एकदा एक म्हातारा तांदूळ न्यायला आला. पडद्यावर त्याच्या नावापुढे मागच्या खेपेचं 'माल नेला' असंच दिसत होतं.

"तुमी तं घेऊन गेले गा," भाऊ म्हणाले.

"अरे, मी तुह्या पुढं उभा आहो ना!"

"असान. पन कम्पुटरात गेले."

आम्ही सगळे हसलो. मी जरा जास्तच हसलो, कारण असं का दिसतं हे मला ठाऊक होतं.

प्रोग्रामचे दोन पडदे होते. पहिल्यावर सगळ्या थप्प्या दिसत. दुसऱ्यावर जाऊन बदल नोंदवायचे. पण दुसऱ्यावरून परत आलं की पहिला पडदा जुनंच दाखवत बसे. उघडताना एकदा माहिती वाचायची, एवढंच मी त्याला शिकवलं होतं. परत आल्यावर पुन्हा वाच, हे सांगायचं राहिलं होतं. लक्षात आल्यावर दुरुस्त करायचं सोडून मी कोपऱ्यात 'ताजे करा' असं एक बटण लावलं आणि त्याला सोय म्हटलं. भाऊंना ते काम मन लावून शिकवलंही नाही.

मग सुमनबाई आल्या. मुलीच्या लग्नासाठी राखून ठेवलेला सुवासिक धान त्यांनी भरडायला आणला होता. जागा हवी म्हणून हमालांनी त्यांची थप्पी मागच्या भिंतीशी हलवली आणि तिथे दुसऱ्याचा जाडा धान लावला. भाऊंनी दुसऱ्या पडद्यावर हा बदल स्वतः नोंदवला. पहिल्यावर परतले, तर सुमनबाईंचं नाव जुन्याच जागी. त्यांनी तीच पोती भरडायला काढली.

हमाल म्हणाला, "भाऊ, हा तं जाडा दिसून राह्यला."

"तुले जास्त समजते का कम्पुटरपेक्षा?"

लग्नाच्या स्वयंपाकाला पोती उघडली तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी सुमनबाई मिलमध्ये आल्या. "व्याह्यायच्या पंगतीत माही मान खाली घालाले लावली तुमी, भाऊ. काऊन असं केलं?" भाऊंनी सवयीने मॉनिटर वळवायला हात नेला आणि मधेच थांबवला.

मालकांनी सगळ्यांदेखत मला फोन लावला, स्पीकरवर. मी म्हणालो, "प्रोग्राम बरोबर आहे. बटण दाबायचं राहिलं असेल."

भाऊ लगेच म्हणाले, "हो शेठ, साहेब म्हनते तं तसंच असन. मीच भुललो."

मालकांनी त्यांना खुर्चीवरून उठवून कोंड्याच्या शेडमध्ये पाठवलं. तिथून ते कधी माल उतरवायला आले, तरी घरचा धान आणणाऱ्या बाया त्यांच्या हाती पोती देईनात.

पुढच्या खेपेला मी गुपचूप ती दुरुस्ती केली. दोन ओळींचं काम होतं. आता पडदा बदलला की माहिती आपोआप ताजी होई. भाऊ शेडमधून पाहायला आले, अंगभर कोंडा. रांगेकडे वळून कौतुकानं म्हणाले, "पाहा, बटनाची झंझटच नाई. माह्यासारख्या भुलक्कडासाठी साहेबानं सोय करून देल्ली."

रांगेत सुमनबाई होत्या. त्यांनी भाऊंकडे पाठ फिरवली.

मी भाऊंचा हात धरून म्हणालो, "भाऊ, त्या वेळी चूक प्रोग्रामची होती."

ते घाबरले. "हळू बोला साहेब! लोक आयकून राह्यले. मंग यावर कोन भरोसा ठेवन?"

या वेळी मी त्यांचं ऐकलं नाही. मालकांना बाहेर बोलावलं, सुमनबाईंना इकडे बघायला सांगितलं आणि शेवटच्या माणसापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "भाऊंनी नोंद बरोबर केली होती. जुनं दाखवणारा पडदा मी बनवला, तो तसा आहे हे मला माहीत होतं, आणि फोनवर मी खोटं बोललो. बाई, तुमच्या पंगतीचा दोषी मी आहे. आणि भाऊ, तुमचाही. मला माफ करा."