भाऊजींच्या ठरावाला अनुमोदक

मुलांनो, स्वतःच्या मरणासाठी रीतसर सभा बोलावणारा माणूस अख्ख्या कोल्हापुरात एकच, आणि तो तुमच्या आजोबांचा धाकटा चुलतभाऊ, म्हणजे माझे भाऊजी. मंगळवार पेठेतल्या एका तालमीचे ते तीस वर्षं चिटणीस होते. तेव्हापासून सूचक आणि अनुमोदक मिळाल्याशिवाय त्यांना घरातही काही ठरवता येत नाही. फ्रिज ठरावाने आला, नातवाचं जावळ ठरावाने निघालं. एकदा जाऊबाईंची आमटी खारट झाली तेव्हा ते खेदाचा ठराव मांडायला उभे राहिले, तर अनुमोदन द्यायला सूनच उठली!

गेल्या वर्षी त्यांचा एक मित्र महिनाभर दवाखान्यात नळ्यांत गुंतून पडला आणि तसाच वारला. पुढच्याच रविवारी मटणाच्या ताटावर भाऊजींनी चमच्याने तांब्या वाजवला. “ठराव नंबर एक. बरं व्हायची आशा संपली की मला यंत्रावर ठेवायचं न्हाय. नळ्या न्हाईत. घरी आणायचं. वैनी, तुमचं अक्षर चांगलं हाय, इतिवृत्त लिवा.” मी हात धुऊन वही घेतली.

“सूचक मी. अनुमोदक?”

त्यांचा मुलगा ताटात बघू लागला. जाऊबाईंनी रश्श्याचं पातेलं उचललं. “गप जेवा की! मरण कालवून कोण रस्सा खातंय?” आणि त्या आत गेल्या. सभा तहकूब.

असे सहा रविवार गेले. एकदा मुलाने भीत भीत हात वर केला, तर भाऊजींनीच त्याला दटावलं. “तू न्हाय. ऐनवेळी डाक्टर हिलाच विचारणार, आन् ही रडत म्हणंल, लावा नळ्या. हिचाच हात पायजे.” हा माणूस गंमत करत नाही, हे मला तेव्हा कळलं.

सातव्या रविवारी जाऊबाई जागच्या हलल्या नाहीत. “माझी उपसूचना हाय,” त्या म्हणाल्या. “घरी आणू. नळ्या न्हाईत. पर तालमीची गर्दी उशाला जमवायची न्हाय. शेवटाला तुमच्याजवळ मी एकटी बसणार. कबूल असंल तर हात वर करा.”

एकेका उपसूचनेवर तासभर भांडणाऱ्या भाऊजींनी मुकाट्याने हात वर केला. तो खाली घ्यायचं त्यांना सुचेना. शेवटी जाऊबाईंनीच तो धरून खाली आणला.

मी इतिवृत्त स्वच्छ लिहून काढलं, दोघांच्या सह्या घेतल्या. कायद्याने लागतं ते पुढचं मुलगा बघतो आहे. तुमचे आजोबा दवाखान्यात होते तेव्हा अकरा दिवस मी समोर येईल त्या फॉर्मवर सही करत गेले. त्यांना काय हवं होतं, ते मी कधी विचारलंच नव्हतं.