महिपतच्या बाकावर

संगमेश्वर तालुक्यातल्या त्या आडगावच्या आरोग्य केंद्रात विमला सिस्टरांचं नाटक आधी कुणी मनावर घेतलं नव्हतं. अहो, दवाखाना म्हणजे काय शिमग्यातलं नमन आहे? पण बाई हट्टाच्या. एखादं बाळंतपण जिवावर बेतलं, की दुसऱ्या दिवशी सगळ्यांना पडवीत गोळा करायच्या आणि घडलं ते पुन्हा करून बघायला लावायच्या, तेही माणसं बदलून. शिपाईण तुळसा डॉक्टर व्हायची, डॉक्टर तुळसा. ज्याची जागा घेतली त्याला तेव्हा जेवढं ठाऊक होतं तेवढंच करायचं, आणि कुणाला दोष द्यायचा नाही. जीपवाला महिपत गावच्या नमनाच्या खेळात गवळण व्हायचा, म्हणून इथे बाळंतीण हमखास तोच. त्याच्या कळा बघून डॉक्टरसुद्धा पोट धरून हसायचे. हसता हसता माणसं शिकत होती, हे मात्र खरं.

नव्व्याण्णव सालच्या मार्गशीर्षात सिस्टरांची धाकटी बहीण हौसा तिथेच बाळंत झाली. मुलगी झाली आणि रक्त काही थांबेना. भरदुपारची वेळ. रत्नागिरीला न्यायचं ठरलं, जीप दारातच होती, पण महिपत आला अर्ध्या तासाने. हातखंब्याच्या अलीकडेच हौसा बहिणीच्या मांडीवर गेली.

त्यानंतर सिस्टर महिपतशी बोलायच्या बंद झाल्या. माझी बहीण याने मारली, असं येईल त्याला सांगू लागल्या. महिपतने तोंडातून ब्र काढला नाही. दिवसकार्य आटोपल्यावर डॉक्टर सलिल चाचरत म्हणाले, की हेही करून बघायला हवं, नाहीतर उद्या दुसरी कुणी जाईल. सिस्टरांनी त्यांना काय काय सुनावलं ते न सांगितलेलं बरं. पण नियम त्यांचाच होता.

"मी महिपत होणार," त्या म्हणाल्या. सगळ्यांदेखत त्याला उघडं पाडायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

मग महिपत सिस्टर झाला. हौसा म्हणून एक उशी त्याने मांडीवर घेतली. सिस्टर मागच्या अंगणात फणसाखालच्या बाकावर, त्याच्या जागेवर जाऊन बसल्या. आत तुळसा डॉक्टरांसारखी म्हणाली, "गाडी काढायला सांगा." कुणाला, ते त्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं, म्हणून तिनेही सांगितलं नाही. तुळसा झालेल्या डॉक्टरांना वाटलं, सिस्टर सांगतील. सिस्टर झालेला महिपत हौसाचा हात सोडून उठला नाही. बाकावर यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. सिस्टर वाट बघत राहिल्या. कुणीच आलं नाही. शेवटी तुळसा झालेले डॉक्टर पाणी न्यायला अंगणातल्या विहिरीवर आले आणि म्हणाले, "तू अजून इथेच?"

सिस्टर आत आल्या. महिपत उशी छातीशी धरून रडत होता, आणि ते नाटक नव्हतं.

"तुला कुणी सांगितलंच नव्हतं. मग बोलला का नाहीस रे?"

"काय बोलनार, ताई? हौसाचा हात तुमच्या हातात होता. सगळा दोष तुमच्यावर आला असता."

त्या त्याच्या शेजारी खाली बसल्या.

तेव्हापासून तिथे कुठलंही काम नाव घेऊन सांगायचं, आणि ज्याला सांगितलं त्याने ते मोठ्याने परत म्हणायचं, असं ठरलं. पुढच्या वर्षी तशीच रक्त जाणारी एक बाई रत्नागिरीहून बाळ घेऊन जिवंत परतली. तिची आई सिस्टरांच्या पाया पडायला वाकली, तर त्यांनी तिला मधेच धरलं.

"माझ्या पाया नको पडू गं. माझी बहीण गेली, तेव्हा कुठे आम्हाला एवढं कळलं."