जुन्या गावापुढे "होय" लिहिणाऱ्या मॅडम

तर सगळ्यांत आधी कोण आलं असेल? आमच्यातली शेवंता! बँकेचे पाहुणे अकराला येणार, नि ही नऊलाच धरणाच्या काठावर, सुनेची ठेवणीतली साडी नेसून. मी म्हटलं, "का गं, तुला बघायला येणार हायत व्हय?" तर म्हणते, "आक्का, जळू नका, माझं वय हाय आजून." आम्ही हसतोय तोवर मंदाकिनी मॅडम गाडीतून उतरल्या. त्यांची आमची ती पहिली ओळख. आता त्यांना साठ वर्षं पुरी झाली, म्हणून त्यांच्या गौरव अंकवाल्यांनी माझ्याकडं चार शब्द मागितले. माझी शाळा तिसरीपर्यंत, पण आनंद एवढा की पेन थांबत नाही.

आम्ही पळसदेवच्या अकरा म्हाताऱ्या. आमचं जुनं गाव उजनीच्या पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की आधी देवळाचं शिखर दिसतं, मग घरांची जोती. तेव्हा आम्ही पाटीत शेण घेऊन होडीनं जायचो, जिनं तिनं आपला उंबरा शोधून सारवायचा, रांगोळी घालायची नि परत यायचं. एवढंच आमचं मंडळ. मागल्या साली होडी कलली नि सखूबाई पाण्यात पडल्या. वाचल्या, पण पोरांनी सगळ्याजणींचंच जाणं बंद केलं. धड होडी नि तरंगायची जाकिटं असली तरच जा, म्हणाली. बँक गावोगावच्या मंडळांना मदत देते, ती फेडायची नसते, असं कळलं म्हणून अर्ज केला. तो बाद झाला असता तर आमचे उंबरे संपलेच. आमच्या वयाला किती उन्हाळे राहिलेत?

मदतीआधी जागा पाहायची हा बँकेचा रिवाज, नि ते काम मॅडमचं. त्या न पाहिलेलं लिहीत नाहीत, हे बारामती-इंदापुरात सगळ्यांना माहीत. एका भजनी मंडळानं मागून आणलेला पखवाज मांडून "रोज वाजवतो" म्हणून सांगितलं. मॅडम पखवाजाला हात जोडून म्हणाल्या, "आपली मागच्या आठवड्यात शेजारच्या गावात भेट झाली होती." तरी त्यांनी कुणाला हाकललं नाही. पारावर बसून त्यांचा खरा अर्ज स्वतः लिहून दिला.

आमचा कागदही त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवला. त्यात एक प्रश्न होता : कामाच्या जागी सध्या वस्ती आहे का? त्यांच्याबरोबरचे तरणे साहेब म्हणाले, "नाही असेल तर अर्ज बाद होतो, आजी."

पाहणीपुरती पोरांनी मला एकटीला परवानगी दिली. होडीवाले दगडूतात्या म्हणाले, "ह्या सालातली पैलीच खेप हाय. आजून कोनी गेलं न्हाय तिकडं." दुपारचं रखरखीत ऊन, तरी पाण्यावरनं गार झुळूक यायची नि मधेच थांबायची. एक पाखरू ओरडत नव्हतं. उतरलो तर चिखल सपाट, त्यावर कशाचंही पाऊल नाही. गल्लीच्या टोकाला गेलो नि मला सारवणाचा वास आला.

एक उंबरा ओला होता. ताज्या शेणाचा, बोटांचे फराटे नीट दिसणारा. त्यावर पांढरीशुभ्र गोपद्मं. आमची पाटी तर होडीतच होती.

"हे घर कुणाचं?" मॅडमनी हळूच विचारलं.

"भागीरथीकाकूंचं. पाणी यायच्या आदल्या साली गेल्या त्या. मागं कुणी न्हाय."

साहेब घाईनं म्हणाले, "मॅडम, चला. नाही लिहून टाका, वरचे हसतील आपल्याला."

मॅडम वाकल्या. बोट टेकवलं, ते हिरवं झालं. मग म्हणाल्या, "जे दिसतंय तेच लिहायचं, नाही का?" आणि त्या प्रश्नापुढं त्यांनी "होय" लिहिलं. साहेबांना घाम फुटला होता. मला मात्र भीती कमी नि हरखच जास्त. आमच्यामागं कुणीतरी दार राखत होतं की!

होडी आली, जाकिटं आली. सखूबाई काही केल्या होडीत पाय ठेवीनात. तेव्हा मॅडमनी स्वतः जाकीट चढवलं, शेजारी बसल्या नि जुन्या गावापर्यंत त्यांचा हात सोडला नाही. "बाई, एवढं तर माझ्या लेकीनंबी न्हाय केलं," सखूबाई म्हणाल्या. मॅडम म्हणाल्या, "लेकीला सांगू नका, मला भांडण नको." त्या दिवशी आम्ही अकरा उंबरे सारवले. बारावा सारवायला लागला नाही.

मॅडमच्या गुडघ्यांना बळ मिळो, डोळे असेच स्वच्छ राहोत, नि आमच्यापेक्षा दुप्पट आयुष्य लाभो. परवा साहेबांना घेऊन त्या भेटायला आल्या होत्या. निघताना आम्ही "परत या" म्हटलं, तर पाण्याकडं बघून म्हणाल्या, "येतो की. भागीरथीकाकूंनाही निरोप द्या."

आम्ही जाऊन उंबऱ्यापाशी निरोप सांगितला. मॅडम नि साहेब दोघंही अक्षय तृतीयेला येणार आहेत.