बोलता यावं, गाता येऊ नये

फोन आला तेव्हा मी चंद्रपूरला लेकीच्या स्वयंपाकघरात वांगी चिरत होते. गावाकडच्या शेजारच्या मंदाचा आवाज ऐकला आणि तिने पुढचं काही सांगायच्या आत मी जावयांना गाडी काढायला सांगितली. यजमान सकाळी फिरून आले, ओसरीवर बसून पाणी प्यायले आणि तिथेच कलंडले... लकव्याचा दुसरा झटका, आणि गेले. पहिल्या झटक्यानंतर मिळालेली वर्षं आम्ही चालून चालून कमावली होती, असं मी भेटायला येणाऱ्यांना सांगते. तरी मला राग येतोच. दोन दिवसांसाठी गेले होते मी. तेवढं थांबायला यांना काय झालं होतं?

देवाजीभाऊ म्हटलं की यांना सिंदेवाहीपासून आरमोरीपर्यंत लोक ओळखत. घरची धानाची शेती, पण दिवाळीनंतर गावोगावच्या मंडया, म्हणजे आमच्याकडच्या जत्रा, सुरू झाल्या की हे झाडीपट्टीच्या नाटकांत. माईक बिघडला तरी शेवटच्या ताडपत्रीवरच्या माणसाला यांचं गाणं ऐकू जायचं. आणि घरी असले की अखंड बोलणं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत दिवसभर पोरांचा गोंगाट ऐकून यायचे, तर दारातच सुरुवात... भाजीतलं मीठ, बैलाचा खूर, सरपंचाचा जावई. मी वैतागायचे, आणि एक दिवस हे बोलले नाहीत तर ताप तर नाही ना म्हणून कपाळाला हात लावून बघायचे.

पहिल्या झटक्यात लकव्याने उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. उरलं ते फक्त "थे...", आमच्या बोलीतलं 'ते'. मीठ हवं तरी थे, उशी हवी तरी थे. हळूहळू पाय टेकू लागला, हातात काठी आली. येणारेजाणारे सांगत, आता पडून राहू द्या, माणूस थकला आहे. फिजिओथेरपीची मुलगी मात्र ऐकेना. थकवा येतो म्हणून बसायचं आणि बसून बसून आणखी थकायचं, असंच होत जातं, म्हणाली. हातापायाच्या व्यायामाबरोबर काळजाला आणि श्वासालाही काम पाहिजे. डॉक्टरांनी तपासून होकार दिल्यावर तिने रोजचं चालणं लावून दिलं आणि किती जोरात चालायचं याची खूण सांगितली. "काका, चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाता येऊ नये. गाता आलं तर समजा, चाल कमी पडली."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. ज्यांना पाणी मागता येत नव्हतं, त्यांना अख्खी नांदी म्हणता येत होती, शब्दन् शब्द. मेंदूचं असं होतं कधी कधी, असं त्या मुलीनेच नंतर सांगितलं. पण त्या दिवशी यांना गाता येतं हे तिला माहीत नव्हतं आणि आम्हालाही सांगायचं सुचलं नाही.

चालायला जागा म्हणजे मामा तलावाची पाळ, गावच्या जुन्या मालगुजारी तलावाचा मातीचा बांध. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला धानाच्या बांध्या आणि त्यांच्या पलीकडे जंगल. आमच्याकडे तिथून मुकाट्याने कोणी जात नाही. वाघाला माणसाची चाहूल लागावी म्हणून लोक बोलत, खाकरत, हाका मारत जातात. यांना बोलता येईना, म्हणून हे गायचे. आणि गाता येतंय म्हणजे चाल कमी, म्हणून मी मास्तरीण मागून ओरडायचे, "चला, उचला पाय!" हे आणखी जोरात चालायचे आणि आणखी जोरात गायचे. जन्मभर मंडपात कमावलेला दम तो, पाय अडखळला तरी सूर हलेना. एकदा चेहरा लालबुंद झाला, पाय ओढला गेला, मी दंड धरला म्हणून पडता पडता वाचले. फिजिओथेरपीच्या मुलीला सांगितलं तर तिने कपाळावर हात मारून घेतला. "काकू, तो नियम तुमच्याआमच्यासाठी! काकांचं गाणं सोडा, श्वास बघा. छातीत दुखलं, चक्कर आली तर तिथेच थांबायचं."

मग चाल बेताची झाली. हे मध्ये मध्ये गुणगुणायचे आणि बोलायचं काम माझ्याकडे आलं. मीठ, खूर, सरपंचाचा जावई, सगळं मीच. यांची नुसती मान हलायची. मला स्वतःचा कंटाळा यायचा. मला उलट बोलणारा माणूस हवा होता.

धान कापून झालं तोवर यांची काठी नुसती हातात राहू लागली होती. एका सकाळी बोलण्याच्या नादात मी भरभर पुढे निघून गेले आणि मागचं गाणं थांबलं. दचकून वळले. हे उभे, छाती वरखाली होत होती. "काऊन... पळून राह्यली वं? मले दम लागला."

मी तिथेच रडायला लागले. हे घाबरले. "अवं... काय झालं तुले?" शब्द शोधत, थांबत, पण बोलले! घरी येऊन चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "चायमधी साखर कमी हाय." ती मुलगी म्हणते, चालण्यानेच बोलणं आलं असं म्हणू नका, घरी शब्दांचा सरावही चालू होता. असेल. माझ्यासाठी ते पाळीवरच आलं.

नाटक मंडळीतले लोक बोलवायला आले होते. "भाऊ, एक नांदी तरी म्हना." यांनी मान हलवली. "गानं तं होतंच ना बे. बोलनं मुश्किलीनं भेटलं... थे घरी वापरतो."

आणि वापरलं. पुष्कळ वापरलं.

आता लोक मला यांची गाणी पाठवतात. फोन भरून गेला आहे. सगळ्या झाडीपट्टीकडे यांचं गाणं आहे, पण "साखर कमी हाय" एकाकडेही नाही. असलं कोण कशाला रेकॉर्ड करून ठेवील? मीही नाही केलं... एवढंच एकदा ऐकायला मिळालं तर मी ती सगळी गाणी देऊन टाकीन.

पाळीवर मी अजून रोज जाते, मोठमोठ्याने बोलत. बोलता बोलता मध्येच गप्प होते. परवा मासे धरणारा शंकर पाण्यातून ओरडला, "बाई, चूप नोका राहू, आवाज करत जा!" त्याचं खरं आहे, तिथे गप्प राहायचं नसतं. पण मी काही विचारलं की यांना शब्द सापडायला वेळ लागायचा. तेवढा वेळ मी थांबते.