चार उत्तरांचा ग्रुप

सुकटीचा वास आला की मला माझा ईमेल ग्रुप आठवतो. खाडीकाठच्या जुन्या गोष्टींवर चर्चा व्हावी म्हणून मी तो काढलेला. दर रविवारी कल्याणच्या सायबर कॅफेत घाम गाळत लांबलचक लिहायचो, आणि वाचतंय कोण याचा पत्ता नाही. शेवटी वैतागून कळवलं, जो वाचतो त्याने नुसतं 'हो' लिहून पाठवावं. चार उत्तरं आली, त्यातलं एक माझ्या सख्ख्या भावाचं. रागाने मी ग्रुपच बंद केला. पुढे ठाण्याच्या कोळीवाड्यात एका हळदीला गेलेलो, तिथे माझं नाव ऐकून एका म्हातारीने माझा हात धरला. "लिवायचं का बंद केलंस रं?" तिची सून ऑफिसातून प्रिंट आणायची आणि दुपारी सुकट निवडणाऱ्या आळीतल्या सगळ्या बायकांना वाचून दाखवायची. म्हातारीने कागदांची पिशवीच आणली. पिशवीला सुकटीचा वास येत होता. "मग तेव्हा कळवलं का नाहीत?" मी चिडून विचारलं. "कलवला ना. आमी सगल्यांनी हो म्हटला, सुनेनं एकच धाडला." आता मी फोनवर लिहितो, तो वाचकांचा आकडा लगेच दाखवतो, आणि दर वेळी मी त्याच्यावर खेकसतो, सुकट निवडणाऱ्या बायका यात धरल्यास का रे?