सुगडात गेलेली लिली

कमलाकरकाका कुंड्यांशी बोलायचे ते थेट बसमधल्या पॅसेंजरांशी बोलावं तसं. "मूव्ह डाउन प्लीज! ए मागच्या, काचेला टेकू नकोस, पानं भाजतील. पोले पोले, मामा, पोले पोले, बरं का!" पोले पोले म्हणजे स्वाहिलीत हळूहळू, आणि मामा म्हणजे बाई. काकांचा जन्म मोंबासाचा, वडील तिथे रेल्वेत. विशीत ते साउथहॅम्प्टनला आले आणि रिटायर होईपर्यंत इथल्या सिटी बस चालवत राहिले. त्यांची नक्कल करणं सोपं होतं. खालचा ओठ पुढे काढायचा, बसच्या आरशात बघितल्यासारखी मान वर करायची आणि वाक्याच्या शेवटी 'बरं का' जोडायचं. पुण्याहून इथे आल्यावर आमचं घर त्यांच्या घरापासून दोनच दारं लांब होतं, त्यामुळे मला सराव भरपूर झाला.

त्यांच्या कॉन्झर्व्हेटरीत, म्हणजे मागच्या काचेच्या खोलीत, उन्हाळाभर एकाच जातीचं झाड असायचं. ग्लोरी लिली. लाल-पिवळी फुलं, पाकळ्या मागे उलटलेल्या, जणू खालून कुणीतरी जाळ लावलाय. काका लहानपणी समुद्रावर जायचे त्या वाटेच्या कुंपणावर ही फुलं असायची. इथल्या एका फ्लॉवर शोच्या स्टॉलवर त्यांना एक कंद दिसला आणि तो त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात ठेवून घरी आणला. त्या एका कंदापासून त्यांनी खोली भरली.

वेल सुंदर होता, पण मला त्याच्याजवळ उभं राहायला आवडायचं नाही. प्रत्येक पानाच्या टोकाला एक वळणारा दोरा असतो आणि तो हाताशी येईल ते धरतो. काठी, पडद्याची दोरी, शेजारचं पान. एकदा सुहासिनीकाकू तिथे चहा घेत बसल्या आणि उठल्या तेव्हा शाल मागेच राहिली. "बघा, तुमच्या झाडाला थंडी वाजतेय," काकू हसल्या. काका हसले नाहीत. त्यांनी पिवळे रबरी हातमोजे घातले, दोरे एकेक करून सोडवले आणि शाल लगेच धुवायला टाकली.

ऑक्टोबरात वेल वाळला की काका माती उपसायचे. खाली कंद असायचे, बोटाएवढे जाड, तपकिरी, इंग्रजी व्ही अक्षरासारखे दुपाखी. दोन्ही टोकांना एकेक डोळा. मधल्या सांध्यावर नीट मोडलं तर एकाची दोन झाडं होतात, पण टोक दुखावलं तर तो तुकडा मेला. काका ते मोडताना श्वास रोखून धरायचे. मग कोरड्या वाळूच्या खोक्यात निजवून खोकं एअरिंग कबर्डमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीच्या उबदार कपाटात, सगळ्यात वरच्या फळीवर. मार्चपर्यंत त्यांना पाणी नाही, उजेड नाही. नंतर काका हात धुवायचे ते ऑपरेशनला निघालेल्या सर्जनसारखे, कोपरापर्यंत.

काकांच्या पायाच्या अंगठ्याला गाउट, म्हणजे सांधा सुजवणारा वात होता. त्याची गोळी होती, आणि त्या गोळीतलं औषध या कंदातही असतं, हे त्यांना लायब्ररीतल्या एका पुस्तकात सापडलं होतं. त्याचा त्यांना केवढा अभिमान! "मी औषध बनवत नाही हं. डॉक्टर देतो ती गोळी घेतो. मी फक्त ओळख ठेवून आहे, बरं का."

त्याच पुस्तकात पुढचं पानही होतं. गोळीत जे कणभर असतं, ते कंदात माणूस मारण्याइतकं असतं. ते पान काकांनी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. मुलाची मुलगी, दोन वर्षांची तनू, दर शनिवारी यायची आणि जे दिसेल ते तोंडात घालायची. सांगितलं असतं तर काकूंनी त्याच दिवशी सगळ्या कुंड्या बाहेर काढल्या असत्या. म्हणून वरची फळी, म्हणून हातमोजे आणि म्हणून तोंड बंद.

दोन हजार सातच्या संक्रांतीनंतरच्या रविवारी काकूंकडे हळदीकुंकू होतं.

हळदीकुंकवाला पुरुषांना घरात जागा नाही, हा नियम काकू साउथहॅम्प्टनमध्येही पाळायच्या. "म्हणजे कसं आहे ना, तुम्ही सोफ्यावर बसलात की बायका बोलत नाहीत. जा कुठेतरी." काका माझ्या बाबांना घेऊन गार्डन सेंटरला गेले. कंदांना खालून ऊब देणारा एक इलेक्ट्रिक ट्रे त्यांनी हेरून ठेवला होता.

इकडे सुगडांची जुळवाजुळव चालली होती. मातीची सुगडं इथे कुठून आणणार? काकूंनी काकांच्या छोट्या लाल कुंड्या धुऊन घेतल्या, तळाची भोकं कणकेच्या गोळ्यांनी बुजवली आणि वरून हळदीकुंकवाची बोटं ओढली. आत गाजराचे तुकडे, हरभऱ्याऐवजी मटारच्या शेंगा, बोरांऐवजी द्राक्षं, तिळगूळ. ऊस काही मिळाला नव्हता. त्यामुळे सुगड बुटकं दिसत होतं, वर काही डोकावत नव्हतं. काकू टॉवेल काढायला एअरिंग कबर्डकडे गेल्या आणि खुर्चीवर चढून खोकं घेऊन खाली उतरल्या.

"ह्यांच्या लिलीचे कंद. ढीगभर आहेत, सगळ्यांना एकेक. लावतील हौसेनं. प्लॅस्टिकचे डबे देऊन देऊन कंटाळा आला बाई!"

आलेल्या पहिल्या दोघी-तिघींना त्यांनी सांगितलं, की हे लावायचं आहे. मग दाराची बेल वाजतच राहिली, कॉफी उतू गेली, उखाण्यांचा आग्रह सुरू झाला आणि सांगायचं राहून गेलं. गाजर, मटार, द्राक्षं आणि त्यांच्या शेजारी तपकिरी मूळ. संक्रांतीच्या सुगडातली वस्तू खायचीच असते. कुणी कशाला विचारेल?

काका परतले तेव्हा बायका गेल्या होत्या. आई आणि मी कप विसळत होतो. काका ट्रेचं खोकं बगलेत धरून थेट वर गेले. जिन्यावरून त्यांची शीळ ऐकू येत होती. मग शीळ थांबली.

"सुहास, इथलं खोकं कुठंय?"

"वाणात दिलं," काकू खालून म्हणाल्या. "आणि कपाट आवरलं म्हणून आधी थँक यू म्हणा."

काका खाली आले ते कठड्याला धरून. "कुणी खाल्लं का?"

"खातील कशाला? फुलाचे कंद ना ते?"

"सांगितलंस सगळ्यांना?"

काकूंनी कुंकवाचं तबक पुसायला घेतलं. काका पायरीवरच बसले आणि पुस्तकातलं ते पुढचं पान त्यांनी तिथे पाठ म्हणून दाखवलं. आधी तोंड भाजतं. मग पोट. मग बरं वाटल्यासारखं होतं, आणि तेच सगळ्यात वाईट.

'बरं का' एकदाही आलं नाही.

काकू ओरडल्या नाहीत. कुंकवाचं तबक पुसत राहिल्या. "तनू त्या कपाटाला टेकून झोपते," एवढंच म्हणाल्या.

मग फोन सुरू झाले. काकांच्या लँडलाइनचा स्पीकर एवढा मोठा होता, की पलीकडचा श्वाससुद्धा खोलीभर ऐकू यायचा.

"काहून हो भाऊजी?" या नागपूरच्या शशीकाकू. "मी तं आत्ताच धुवून ठेवला न! उद्या साबुदाण्यात टाकतो म्हटलं. विषारी? अन् वाणात देऊन राह्यले?"

"काका, माझी सुगड टेबलवर आहे," ही स्वराली, इथेच जन्मलेली. "मी काय नाही खाल्ला. इज इट लाइक जिंजर? मॉम बोलला, चहात घाल."

"घालू नकोस! हात धू!"

"ओके, ओके. यू आर स्केअरिंग मी."

एकीनं किसून ठेवला होता. एकीच्या नवऱ्यानं भाजीत घालायला सुरी उचलली होती. बाबा गाडी घेऊन घरोघर फिरले आणि कंद, कीस, सालं, सगळं पिशवीत गोळा करून आणलं. फक्त अरुणामावशी फोन उचलत नव्हत्या.

"उद्या सोमवार," माझी आई म्हणाली.

अरुणामावशी सोमवार कडक करायच्या. उकडलेलं रताळं किंवा कुठलातरी कंद, एवढंच त्यांचं खाणं. एकट्या राहायच्या. नवरा बोटीवर होता, तिकडे चार महिने पाणीच पाणी. काका, काकू, बाबा आणि मी त्यांच्या दाराशी पोचलो तेव्हा घरात अंधार होता. काकांनी बेल वाजवली, दारातल्या लेटरबॉक्सचं झाकण उघडून आत हाका मारल्या. "अरुणा! अगं ए अरुणा! कमलाकर बोलतोय!" आतून काहीच नाही. काकांनी पुन्हा झाकण उघडलं आणि आत वास घेतला. शिजल्याचा वास येतोय का, ते बघत होते.

आम्ही गाडीत बसलो. काकू पुढच्या सीटवर, काका मागे माझ्या शेजारी. काकूंनी मान वळवली नाही. काका खिडकीच्या काचेला हळूच म्हणाले, "पोले पोले." नेहमी झाडांना म्हणायचे ते.

शेवटी अरुणामावशी कोपऱ्यावरून चालत आल्या. हातात पर्स, केसांत गजरा, पाय दुखत असल्यासारखी वाकडी चाल. काका दार उघडून असे धावले, की अंगठ्याचं दुखणं विसरले.

"सुगड कुठंय?"

"अय्या! तुम्ही सगळे इथे? मी लंडनला गेले होते, क्रॉयडनला, सुलेखावन्संकडे. त्यांचंही आजच होतं ना. ट्रेनमध्ये काय गर्दी, बाई!"

"अगं, सुगड!"

मावशी लाजल्या. "रिकाम्या हाती कसं जायचं? तेच दिलं तिकडे. तुमचं काय ते कंद-बिंद छान दिसत होतं."

असं सगळ्याच करतात. एका घरचं वाण दुसऱ्या घरी जातं, तिथून तिसऱ्या. विचारायचं नसतं. काकूंनी स्वतःही मागच्या वर्षी शशीकाकूंचा डबा असाच पुढे ढकलला होता.

"कुणाला दिलंस?"

"वन्संकडे वाणं ढीगभर, म्हणून शेजारी बसली होती तिला. हिरवी पैठणी. नवीन आलेली दिसत होती. नाव... नाव नाही विचारलं हो."

सुलेखावन्संना फोन झाला. हिरवी पैठणी कुणाच्या तरी मैत्रिणीबरोबर आली होती आणि ती मैत्रीण त्याच आठवड्यात नवऱ्याच्या प्रोजेक्टपायी दुसऱ्या गावाला गेली. निरोपावर निरोप गेले. उत्तर आलं नाही.

त्या रात्री काकांनी गोळा झालेलं सगळं पिशवीवर पिशवी चढवून बांधलं आणि सकाळी कौन्सिलच्या टिपवर, म्हणजे कचरा डेपोत, नेऊन टाकलं. ट्रे त्यांनी खोक्यातून बाहेरही काढला नाही. कॉन्झर्व्हेटरीत काकूंनी कपडे वाळत घातले. घरात बोलणं उरलं ते 'चहा' आणि 'गोळी घेतलीत का' एवढंच. मी एकदा मुद्दाम त्यांच्याच आवाजात "मूव्ह डाउन प्लीज" म्हटलं. काकांनी वर बघितलंच नाही. रेडिओवर लंडनच्या बातम्या लागल्या की ते उठून त्याच्याजवळ जाऊन उभे राहायचे.

गणपतीत अरुणामावशींचा फोन आला. क्रॉयडनच्या मंडळात गणपतीपुढे कुणीतरी लाल फूल वाहिलं होतं, पाकळ्या मागे उलटलेलं, जाळासारखं. फूल आणणारीचं नाव वैभवी. संक्रांतीला हिरवी पैठणी नेसलेली.

दुसऱ्याच दिवशी काका-काकू निघाले. गाडी बाबा चालवत होते आणि मीही गेले. वैभवीचा फ्लॅट ट्रामच्या रुळांलगत होता. दार तिनेच उघडलं, कडेवर वर्षाचं मूल. बाल्कनीच्या गजांना वेल घट्ट धरून होता आणि त्याला सात-आठ फुलं होती. काका फुलांकडे बघून क्षणभर थांबले. आठ महिन्यांत त्यांचा चेहरा मी तसा पाहिला नव्हता.

मग त्यांनी चपला काढायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. दारातच, एका दमात.

वैभवीनं मुलाला दुसऱ्या कडेवर घेतलं. "बापरे! मी तर उपवासाला उकडणार होते. सोलायला घेतलं आणि टोकाला डोळा दिसला, बटाट्यासारखा. म्हटलं, लावून तर बघू. पण हातात मोडलं हो, कट्टकन, मधोमध."

"मोडलं?" काका म्हणाले.

"हो ना. मला वाटलं, गेलं. पण दोन्ही तुकडे फुटले!"

काकूंनी बाल्कनीभर नजर फिरवली. कुंडी एकच होती.

"दुसरं?"

"खालच्या मजल्यावरच्या बाईंना दिलं. छान आहेत हो, घानाच्या आहेत. त्या गेल्या महिन्यात घर सोडून गेल्या. म्हणाल्या, हे ओळखीचं आहे, आमच्याकडे औषधाला वापरतात."

खालून ट्राम गेली. काका भिंतीला टेकले, पण बसले नाहीत. वैभवी पाणी आणायला वळली.

"त्यांचा नंबर आहे?" काकूंनी विचारलं. जानेवारीनंतर पहिल्यांदाच त्यांनी काकांचा हात धरला होता. "आणि ह्यांना आधी फोन द्या. पाणी मग."