सरावाची पेशंट

आधी एक दुरुस्ती. परदेशात नर्स म्हणून जायचं तर इंग्रजीची जी परीक्षा द्यावी लागते, तिच्या बोलण्याच्या भागात तिकडच्यासारखे उच्चार लागतात, असं मी मागच्या पोस्टमध्ये लिहिलं होतं. ते चुकीचं आहे. बोलणं स्पष्ट हवं, एवढंच.

दोघी मैत्रिणींनी ते वाचून 'मग आपल्याला नाही जमायचं' असं कळवलं आणि तेव्हापासून मला चैन नव्हतं... कृपया माझ्या पोस्टवरून कोणी बेत बदलू नका. या परीक्षेनंतर तिकडच्या नर्सिंग कौन्सिलची कागदपत्रांची तपासणी असते, मग व्हिसा. पण पहिली पायरी हीच आहे.

तुडील गावची, नर्सिंग कॉलेजातली माझी एक सीनियर आता आयर्लंडमध्ये आहे. तिने फोनवर नीट समजावलं. समोर एक जण पेशंट होऊन बसतो, आपल्या हातात कार्ड असतं, त्यावर प्रसंग दिलेला असतो. आपण पेशंटचं ऐकून घेतो की नाही, हेही बघतात. शेवटी तिने बजावलं, "प्रश्न विचारलास की गप्प बस. तू मधेच बोलतेस."

खरं आहे ते. मी घाबरले की जास्तच बोलते.

तर रविवारी दुपारी घरी सराव करायचं ठरवलं. मी महाडला एका हॉस्पिटलमध्ये नोकरी करते, घर पोलादपूरच्या वरच्या अंगाला. घरात आम्ही दोघीच, मी आणि आत्या. आई-बाबा मुंबईला असतात, मी लहानपणापासून आत्याकडे.

शाळेत जायच्या आधी बाराखडी तिनेच गिरवून घेतली. आजोबा अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांना न दुखवता कुशीवर कसं वळवायचं, खालची चादर कशी काढायची, हेही तिनेच शिकवलं. नर्सिंग कॉलेजात ते प्रॅक्टिकल आलं तेव्हा मला ते आधीच येत होतं...

आत्या पडवीत भिजवलेले वाल सोलत बसली होती. तिला म्हटलं, तू पेशंट हो. तिला शुगर आहेच, म्हणून कार्डही तसंच निवडलं. त्यावरचा प्रसंग असा: शुगरचा पेशंट डॉक्टरांचं ऐकत नाही, त्याच्या मनात काय आहे ते नर्सने काढून घ्यायचं.

ती लगेच तयार झाली. पेशंट बाई की बुवा, कुठल्या गावचा, त्याला बघायला घरचं कोणी आलंय का, सगळं विचारून घेतलं. मग मांडीवर परात तशीच ठेवून असा चेहरा पाडला की मलाच हसू आलं.

मी आधी इंग्रजीत विचारायचे, मग तिच्यासाठी मराठीत. गोळ्या वेळेवर घेता का, असं विचारल्यावर म्हणाली, "न घेऊन जाते कुठं? आमच्या घरात नर्स हाय. पोलिसावानी उभी रहाते."

कार्डावर हे उत्तर नव्हतं. मी पुढे गेले.

शेवटचा प्रश्न होता... तुम्हाला सगळ्यात जास्त काळजी कशाची वाटते? इंग्रजीत विचारला, मराठीत विचारला, आणि सीनियरने सांगितलं होतं तशी गप्प बसले.

आत्या वाल सोलत राहिली. एरवी एवढ्या वेळात तिच्या वतीने उत्तरही मीच देऊन टाकलं असतं.

मग ती म्हणाली, "पायाची."

मला वाटलं, छान वठवतेय. मी इंग्रजीतलं पुढचं वाक्य जुळवत होते, तोवर तिने मोजा काढला. अंगठ्याच्या कडेला जखम होती. नवी चप्पल चावलेली, वर हळद दाबलेली, बाजूने सूज.

भेगा पडल्यात म्हणून मोजे घालते, असं ती काही दिवस सांगत होती आणि मी ते मानलं होतं. शुगर असेल तर पाय रोज तपासा, हे मी वॉर्डात प्रत्येक पेशंटला सांगते...

मला का नाही सांगितलंस, असं विचारलं.

"मागच्या टायमाला मला ताप आला, तर तू परीक्षा पुढं ढकललीस. आता हे बघितलं असतंस तर परत तेच. माझ्यामुळं तू इथंच रहायचीस, ती काळजी हाय गो. कधी विचारलं नाय कुनी. आज विचारलंस, म्हनून सांगितलं."

घरात मी तिला गोळी घेतली का, भात कमी घे, एवढंच बोलत आले. माझ्या मते ती काळजी होती.

लगेच महाडला डॉक्टरकडे जाऊ म्हटलं, तर बाईसाहेब जागच्या हलेनात. "येते. पन आधी तू तारीख घ्यायचं कबूल कर." मी म्हटलं, मी गेल्यावर तुझ्याकडे कोण बघणार? तर म्हणाली, "तुझ्या आईला विचारलंस काय? का तिच्या वाटचं पन तूच ठरवलंस?"

मी कबूल केलं, तेव्हा ती रिक्षात बसली.

डॉक्टर म्हणाले, जखम वरवरची आहे, वेळेत आलात. ड्रेसिंग मीच करते आहे, सूज उतरते आहे. रात्री आईशी बोलले. ती 'बघते' म्हणाली. 'बघते' म्हणजे 'हो' नाही, हे मला कळतं... पण निदान विचारलं तरी.

परीक्षेची भीती गेलेली नाही. ती जाईल म्हणून थांबणं मात्र आता बंद. सीनियरचे मनापासून आभार, आणि आत्याचे, जिने सरावातसुद्धा खोटं उत्तर दिलं नाही.

येत्या गुरुवारी मी परीक्षेची तारीख बुक करणार आहे.